एक आम्हाला द्या

जुळ्या मुली झाल्या असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग म्हणतो, "एक आम्हाला द्या." रेशनच्या रांगेतली अनोळखी बाई म्हणते, रिक्षावाला म्हणतो, आमच्या शाळेचे हेडमास्तरसुद्धा म्हणाले होते. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. जुळी मुलं बघून माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतं आणि सुचतं ते हेच. मीही पूर्वी एकदोघींना असं म्हटलेलं असणार.

माझ्या मुली आता मोठ्या आहेत, आपापल्या कामाला लागल्या आहेत. हे सगळं पुन्हा उकरून काढायचं तसं कारण नव्हतं. पण मध्यंतरी ओळखीतल्या एका तरुण मुलीला जुळं झालं आणि तिचा नवरा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मावशी, ती मुलांचं सगळं करते, पण त्यांच्याकडे बघत नाही." मी त्याला चहा दिला आणि सांगता येईल तेवढं सांगितलं. तो गेल्यावर वाटलं, चहाबरोबर सांगून संपेल इतकं हे थोडकं नाही. म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेतली मास्तरीण होते. औषधांची नावं मला विचारू नयेत, ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरने सांगावीत.

बे छे

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही सुरतेत नवागामला राहत होतो. मुलींचे वडील जवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात होते, त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. मी जवळच्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायचे. सासर अमळनेरकडचं, माहेर धुळ्याचं. माझी आई आधीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्न नव्हता. सासूबाई आमच्याजवळच असत. त्या घरात अहिराणी बोलत आणि बाहेर गुजराती भाजीवालीशीही अहिराणीच बोलत. भाजीवालीला ते सगळं कळायचं.

सोनोग्राफीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बे छे." ह्यांनी विचारलं, "बे म्हणजे?" डॉक्टरांनी दोन बोटं दाखवली. घरी येईपर्यंत हे स्वतःशीच हसत होते. मलाही आनंद झाला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला मुलं नकोच होती. मला ती हवी होती.

सासूबाईंनी त्या दिवसापासून एक नियम घरात आणला: जोडीचं जोडीनं. जुळ्यांपैकी एकाला जे कराल ते दुसऱ्याला केलंच पाहिजे, नाहीतर दुसरं रुसतं. रुसतं म्हणजे काय, ते त्या बोलत नसत, पण सगळ्यांना कळायचं. त्यांच्या माहेरी म्हणे एका जुळ्यातलं एक असंच रुसून गेलं होतं. त्यामुळे दुपटी दोन, टोपडी दोन, तीट दोन. एकीला शिंक आली तर वेखंड दोघींना. मला हा प्रकार बरा वाटला. वर्गात मीही एकाला गोळी दिली की सगळ्यांना द्यायचे.

मुली दिवस भरायच्या आधीच झाल्या. थोरली बरी होती, धाकटी जराशी बारीक. दोघी मुलीच म्हटल्यावर सासूबाईंनी दोघींना पुन्हा एकदा नीट बघितलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "लक्ष्मी उन्यात, त्या बी जोडीनी." लक्ष्मी आल्या, त्याही जोडीने. त्यांच्या बाजूने तो विषय तिथेच संपला.

बाळंतिणीचं गुणी वागणं

आजार कुठल्या दिवशी सुरू झाला हे मला सांगता येत नाही. ताप आला असता तर सांगता आलं असतं. घरी आल्यावर शेजारणींचा राबता सुरू झाला. आमच्या गल्लीत सगळी घरं खान्देशातली, बायका कामाला वाघ. एक दूध गरम करी, दुसरी दुपटी धुई, तिसरी मुलींना झोळीत टाकून झोके देई. मी खाटेवर बसून असे. मुली कुणी हातात दिल्या की पाजायची, घेतल्या की परत द्यायची. रडले नाही, चिडले नाही, अमुक खायला हवं म्हटलं नाही. "फार गुणी बाळंतीण शे," असं गल्लीत झालं.

खरं असं होतं की मला काहीच वाटत नव्हतं. मुलींचा राग येत नव्हता, त्यांचा कंटाळा येत नव्हता, माया तर नव्हतीच. शाळेत कधी एखाद्या दिवशी शेजारच्या वर्गाच्या बाई रजेवर असल्या की त्यांची मुलं माझ्या वर्गात आणून बसवत. मी त्यांना सांभाळायचे, पाणी प्यायला सोडायचे, पण हजेरी घेताना त्यांची नावं माझ्या ओठावर नसायची. मुलींकडे बघताना मला तसं होई. जेवणाला चव नव्हती. झोप लागत नव्हती. आंघोळ करून आले की आपण आंघोळ केली का हे आठवत नसे.

एक गोष्ट मात्र चालू होती. मी बघत होते. दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे दिवसभर त्या दोघींना बघत होते आणि त्यामुळे मला त्या वेगळ्या दिसायला लागल्या होत्या. बाकी कुणालाही दिसत नव्हत्या. नाक, कपाळ, जावळ, सगळं एकासारखं एक. पण थोरली सरळ रडायची. धाकटी आधी तोंड उघडायची, थोडं थांबायची आणि मग आवाज काढायची. तेवढ्यात थोरलीचं सुरू झालेलं असे आणि सगळ्या बायका तिच्याकडे धावत. धाकटी मग तोंड मिटून घेई.

बारसं

बारशाला शोभाताई आल्या. शोभाताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, अमळनेरला दिलेली. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सगळे दवाखाने, सगळे नवस करून झाले होते आणि आता त्या त्याबद्दल बोलतही नसत. शिवणकाम फार सुंदर. आल्या त्या दिवसापासून त्यांनी धाकटीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

नावं ठेवली शीतल आणि कोमल. थोरली शीतल, धाकटी कोमल. बारशात कोण कुठली यावरून इतका गोंधळ झाला की शेवटी ह्यांनीच हट्ट धरला, काहीतरी खूण करू. डॉक्टरांनी धाकटीला वरचं दूध जास्तीचं द्यायला सांगितलं होतं, ते बरोबर तिलाच गेलं पाहिजे. सासूबाईंनी नाइलाजाने धाकटीच्या डाव्या पायात काळा दोरा बांधला. एकीला दोरा आणि दुसरीला नाही, हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी शोभाताई माझ्या खाटेवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "मंगल, एक मला देशील का?"

तेच वाक्य. पण त्या हसल्या नव्हत्या. दारात सासूबाई उभ्या होत्या, म्हणजे मायलेकींचं आधी बोलणं झालं होतं. ह्यांनी मान खाली घातली. बहिणीला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं होतं आणि हो म्हणणं त्याहून. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "घेऊन जा."

एखादीने पाट मागावा आणि आपण घेऊन जा म्हणावं, त्या आवाजात. शोभाताईंना रडू आलं, त्यांनी माझे दोन्ही हात धरले. सासूबाई म्हणाल्या, "मनी सून मोठा मनाची शे." ठरलं असं की धाकटी जरा बाळसं धरू दे, मान सावरू दे, मग शोभाताई येऊन एकीला घेऊन जातील. कुठली ते कुणी विचारलं नाही. मी लगेच आडवी झाले. मला त्या बोलण्याने फक्त थकवा आला होता.

दोन दोरे

मुलींना न्हाऊ घालायला द्वारकाबाई यायच्या. गल्लीतल्याच, हात फार चांगला. बारशानंतर एक दिवस त्यांनी दोघींना तेल लावलं, न्हाऊ घातलं, शेक दिला, गुंडाळलं आणि खाटेवर शेजारी शेजारी ठेवलं. मग सासूबाईंना हाक मारली. दोघींच्या डाव्या पायात काळा दोरा होता.

द्वारकाबाई खुशीत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही एकलीलेच दोरा बांधेल व्हता. दुसरी रुसी जाई ना. मी बांधी दिधा."

सासूबाईंनी वाकून दोन्ही दोरे बघितले. त्यांचाच नियम होता. मग त्यांना हसू फुटलं, द्वारकाबाईंनाही फुटलं, शेजारणी जमल्या आणि कोण शीतल, कोण कोमल याची चर्चा सुरू झाली. एकीने वजन हातावर तोलून बघितलं, पण गुंडाळलेल्या दोघी तिला सारख्याच लागल्या. एकीने नाव घेऊन हाका मारल्या. शेवटी सगळ्यांच्या मते जी थोरली ठरली, तिच्या पायातला दोरा सासूबाईंनी काढून टाकला.

मी खाटेवरून म्हटलं, "दोरा काढला ती धाकटी आहे."

"तू निज," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच सकाळी मी चहात मीठ घातलं होतं.

मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणावं इतकं ते मला महत्त्वाचं वाटलं नाही. आजार म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते. मला दिसत होतं, कळत होतं, आणि ते पुन्हा एकदा मोठ्याने बोलावं एवढी ऊब आत नव्हती. नंतर वरचं जास्तीचं दूध रोज थोरलीला जात राहिलं. थोरली गुबगुबीत झाली. धाकटी तोंड उघडून थांबायची आणि मिटून घ्यायची. "शांत पोर शे," बायका म्हणायच्या.

वजनाचा काटा

लस टोचायला आम्ही दोघींना घेऊन गेलो तेव्हा मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. मग पुन्हा केलं. दोऱ्याची मुलगी छान वाढली होती आणि बिनदोऱ्याची होती त्याहून कमी झाली होती. त्या गुजराती होत्या, आमच्याशी थोडं हिंदी थोडं गुजराती बोलत. त्यांनी विचारलं, हिला पाजता की नाही?

सासूबाई गांगरून बोलायला लागल्या. मी मधेच सांगितलं. दोरा कसा बदलला, दूध कुणाला जातं, धाकटी रडायच्या आधी कशी थांबते, थोरली केव्हा उठते, सगळं क्रमाने, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना माहिती द्यावी तसं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी मुलीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"बेन, तमने ऊंघ आवे छे?" त्यांनी विचारलं. तुम्हाला झोप येते का?

बाळंतपणानंतर मला माझ्याबद्दल कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी नाही म्हटलं. भूक? नाही. मुलींना बघून आनंद होतो? मी म्हटलं, "आनंद नाही होत. पण बघते मी."

त्यांनी धाकटीचं दूध कसं वाढवायचं ते सासूबाईंना समजावलं, तिच्या मनगटावर पेनाने टिकली काढली आणि ह्यांना बाजूला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार विभागाचा कागद दिला. ह्यांनी तो खिशात ठेवला आणि रिक्षात बसेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर म्हणाले, "वेड्यांचा डॉक्टर आहे तो." मी म्हटलं, "बरं." मी भांडावं असं त्यांना वाटत होतं. माझ्या "बरं"ने ते घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो.

निदान

बाहेरच्या बाकावर हे त्या विभागाच्या पाटीकडे पाठ करून बसले होते. मिलमधलं कुणी दिसलं तर सांगायला त्यांनी कावीळ ठरवून ठेवली होती. मी वर्षानुवर्षं पालकांना सांगत आले होते की मुलाला काय होतं ते लपवू नका. आता मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं किंवा राग यायला हवा होता, दोन्ही झालं नाही.

डॉक्टर वयस्कर होते, घाई करत नव्हते. त्यांनी बरंच विचारलं. मी उत्तरं दिली. मुलींची काळजी कोण घेतं, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं की सगळे घेतात, आणि तशीही एक नणंदेला दिलेली आहे. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि ह्यांना आत बोलावलं.

ते म्हणाले, बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो. बाई वाईट नसते, वेडी नसते, बाहेरची बाधा नसते. औषधाने बरा होतो, पण औषध हळू चालतं. आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "ही बरी होईपर्यंत घरात कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. हिने हो म्हटलं तरी ते हो धरायचं नाही."

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी माझं लिहिणं कारणी लागलं. आजारी माणसाचं हो म्हणजे हो नसतं.

वॉर्ड

मला थोडे दिवस भरती व्हायला सांगितलं. बायकांचा वॉर्ड. जवळ घरचं माणूस हवंच, असा नियम होता. ह्यांना रजा नव्हती. तेव्हा शोभाताईंना निरोप गेला, त्या पहिल्या गाडीने आल्या आणि मुली त्यांनी ताब्यात घेतल्या. सासूबाई माझ्याजवळ राहिल्या.

वॉर्डातला दिवस सकाळी फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. मग चहा, मग गोळ्या. गोळी गिळून नर्सला तोंड उघडून दाखवायचं. मग डॉक्टरांची फेरी, मग नुसतं बसणं. पलीकडच्या खाटेवर चलथाणची एक बाई होती. ती दिवसभर चादरीची घडी घालायची आणि मोडायची. तिने विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, दोन, एकदमच. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "तो एक मने आपो." मी मनात म्हटलं, 'एक मला द्या' इथेही आलं.

सासूबाई पहिले दोन दिवस तोंडाला पदर लावून बसल्या. त्यांना वाटलं होतं इथे बायका किंचाळत असतील. तिथे तर त्यांच्यासारख्याच सासवा आणि माझ्यासारख्याच सुना बसलेल्या. हळूहळू त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, कुणाच्या केसांना तेल लावून दिलं. एकदा त्यांना भेटायला गल्लीतल्या दोघी आल्या आणि कुजबुजत म्हणाल्या, आपल्याकडचा भगत दाखवू या का. सासूबाई म्हणाल्या, "काय गरज नही. हाऊ ताप शे, डोकाना ताप. उतरी जाई."

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं आणि कावीळ मागे पडली. सासूबाई चार बुकंही शिकल्या नव्हत्या आणि दोऱ्यांच्या बाबतीत त्यांनी माझं ऐकलं नव्हतं. पण डोक्याचा ताप हे नाव मला फार उपयोगी पडलं. ताप आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तुला आला कसा आणि तुला लाज कशी नाही वाटली.

पहिलं जे परत आलं तो राग होता. चलथाणच्या बाईने माझा कंगवा घेतला आणि मला इतका राग आला की मी तिच्या हातातून हिसकावून घेतला. मग मीच दचकले. डॉक्टरांना मात्र बरं वाटलं. प्रेम आधी येईल अशी वाट बघत बसू नका, हे मी त्या तरुण मुलीच्या नवऱ्यालाही सांगितलं. आधी चीडच येते. येऊ द्यावी.

घरी

घरी परतले तेव्हा मुली ओळखू न येण्याइतक्या बदलल्या होत्या. धाकटी भरली होती. शोभाताईंनी दोघींना वेगळ्या रंगाची झबली शिवली होती, शीतलला पिवळं, कोमलला हिरवं, आणि सासूबाईंनी त्याला हरकत घेतली नव्हती. माझं अंगावरचं दूध औषधामुळे बंद झालं होतं. मी एकीला बाटली द्यायचे, ताई दुसरीला. आमचं बोलणं कमी होई. त्यांचा माझ्यावर उपकार होता आणि माझ्याकडे त्यांची एक गोष्ट राहिलेली होती, असं दोघींनाही वाटत असणार.

मला एका क्षणात काही झालं नाही. पाझर फुटला वगैरे म्हणतात तसं तर नाहीच. आमच्या घरामागेच यंत्रमागांचा कारखाना होता, मुली त्या खडखडाटात गाढ झोपायच्या आणि आठवड्यात एकदा वीजबंदीच्या वारी माग थांबले की दोघी टक्क जाग्या. अशाच एका वारी त्या खाटेवर पडून एकमेकींकडे बघत होत्या. थोरली हसली. धाकटीने तोंड उघडलं आणि थांबली. मी हातातलं काम सोडून उभी होते. मग ती हसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वाट बघत होते. एवढंच झालं. आनंद म्हणावा तर फार लहान होता. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथे जाऊन उभी राहिले.

जुळ्यांचे हाल सगळे सांगतात. एक झोपली की दुसरी उठते, हात दोनच, कमरेत उसण. हे खरंच आहे. पण दोघी एकमेकींना पुरतात, ही गंमत दुसऱ्या कुठल्या मुलांच्या आईला बघायला मिळत नाही. त्यांचं आपसात काहीतरी चाललेलं असतं आणि आपण नुसते प्रेक्षक असतो. मला प्रेक्षक असण्याची सवय होतीच. फरक एवढाच की आता मला खेळ आवडायला लागला होता.

कुठली

डॉक्टर एक दिवस म्हणाले, आता फेऱ्या कमी केल्या तरी चालतील. दोघींनी माना सावरल्या होत्या, पालथ्या पडत होत्या. शोभाताईंच्या घरून निरोप आला की आता या. त्यांनी दुपारच्या गाडीने निघायचं ठरवलं. सकाळी पिशवी भरली, वेणी घातली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. खाटेवर दोघी मुली पालथ्या पडून चादर चोखत होत्या.

"मंगल, तू आता बरी आहेस," त्या म्हणाल्या. "म्हणून पुन्हा विचारते. मागचं मी धरत नाही. देशील का? आणि देणार असलीस तर कुठली?"

सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "त्यामा काय इचारनं? दोन्ही सारख्याच शेतस."

हे मागच्या वेळेसारखेच बाजूला उभे होते. पण या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघत राहिले.

मी खरोखर विचार केला. ताईंनी दोघींना जगवलं होतं, त्यांना नुसतं नाही म्हणून उठून जाणं मला शोभलं नसतं. मी शीतलचं नाव मनात घेऊन बघितलं. शीतल गेली तर कोमल तोंड उघडून थांबेल आणि तिच्याआधी रडायला कुणी नसेल. मग कोमलचं घेतलं. कोमल अमळनेरला गेली तर तिथे तिच्या थांबण्याचा अर्थ ताईंना कळेल की नाही, आणि शीतल हसून कुणाकडे बघेल. जुळ्यातली एक, असं म्हटलं की देता येते. एक म्हणून तिथे कुणी नव्हतीच. तिथे शीतल होती आणि कोमल होती.

"ताई," मी म्हटलं, "मला कुठलीच देता येत नाही."

मला वाटलं त्या रागावतील. त्यांचा तो हक्क होता. त्या खाली वाकल्या, कोमलच्या तोंडातली चादर काढली, शीतलच्याही काढली.

"मलाही ठरवता आली नाही," त्या म्हणाल्या. "तू वॉर्डात होतीस तेव्हापासून बघतेय. रोज एक ठरवायची आणि संध्याकाळी दुसरी हात पुढे करायची. म्हटलं तू नाव घेशील, म्हणजे मला घ्यावं लागणार नाही."

मग त्या उठल्या. सासूबाईंनी बांधून दिलेल्या भाकरी घेतल्या, मुलींच्या पायांना हात लावला आणि हे त्यांना सोडायला उधना स्टेशनवर गेले. त्यांच्या हातात एकच पिशवी होती आणि दुसरा हात मोकळा होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नसल्यासारखं वाटलं, शेवटी त्यांनी तो पिशवीवरच ठेवला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली.

मी दारातच खाली बसले आणि मला रडू आलं. थांबेना. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं पुन्हा आजार उलटला. "पोरी तं तुनाजवळच शेतस," त्या म्हणत राहिल्या, "मंग काब्र रडस?"

मी मुलींसाठी रडत नव्हते. मी शोभाताईंसाठी रडत होते. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मला दुसऱ्या माणसाचं दुःख झालं होतं, आणि ते मी त्यांना दिलेलं होतं.